हिच्या कानांची तपासणी

४ फेब्रुवारी

ही डायरी मला स्पेअर पार्टवाल्याने भेट दिली. गेला महिनाभर मी तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो, त्यामुळे पुठ्ठ्यावर गोल डाग पडले आहेत. आजपासून लिहायचं ठरवलं आहे. कारण असं की हल्ली माणसं पुटपुटायला लागली आहेत. सगळं गावच. धड तोंड उघडून कुणी बोलत नाही, आणि मी ‘काय?’ म्हटलं की ‘काही नाही’ म्हणतात. तेवढं ‘काही नाही’ मात्र खणखणीत. कागदावर कुणाला पुटपुटता येत नाही, म्हणून लिहिणं बरं.

दोष माझ्या कानांचा असता तर मीच सगळ्यांत आधी कबूल केलं असतं. पण माझं तर नावच कानांमुळे आहे. गावात गॅरेजं बरीच आहेत, पण इंजिनात काय वाजतंय ते कळेनासं झालं की लोक गाडी माझ्याकडे आणतात. मी माझा लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. डोळे मिटायची खरं तर गरज नसते, पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं. मग मी सांगतो: टॅपेट, किंवा बेअरिंग, किंवा तुमच्या मनाचे खेळ.

आज एक व्हॅन आली होती. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तिचं अर्धं इंजिन उघडून पुन्हा बंद केलं होतं. मी स्क्रूड्रायव्हर लावला, म्हटलं, वॉटर पंपाचं बेअरिंग. खोललं तर तेच निघालं. असे कान ज्याला आहेत त्याला कुणी काय शिकवावं?

संध्याकाळी चहा पिताना ही काहीतरी म्हणाली. कपात बघत म्हणाली, म्हणजे बहुतेक कपालाच म्हणाली असावी. मी म्हटलं, “हो हो. उत्तम.” हे माझं ठेवणीतलं उत्तर आहे, सहसा फसत नाही. ही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग उठून कप धुवायला गेली. भांडण झालं नाही, त्याअर्थी उत्तर बरोबर असणार.

७ फेब्रुवारी

एक शोध लागला आहे. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर धडधडत असतो, हातोडे वाजत असतात, तरी तिथे मला सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं. घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता, आणि तिथे मात्र काही कळत नाही. सरळ आहे, दोष घराचा आहे. आणि घरात माझ्याखेरीज एकच माणूस आहे.

हिची बोलायची पद्धतच चुकीची. शेगडीकडे तोंड करून बोलेल, नळ सोडून बोलेल, या खोलीतून त्या खोलीत जाता जाता वाक्याचा शेवट बरोबर घेऊन जाईल. हल्ली तर बोलणंच कमी केलं आहे. पूर्वी दिवसभराचं सगळं सांगायची, मी अर्धं ऐकायचो. आता धाकट्या बहिणीला फोन लावते आणि तिच्याशी तासन्‌तास बोलते. त्या बहिणीचं परगावी शिवणकामाचं दुकान आहे, एकटीच असते.

काल मला म्हणाली, समोर येऊन, चांगलं मोठ्याने, “तुम्ही हल्ली किती हळू बोलता हो!” वयाबरोबर माणूस मवाळ होतो म्हणतात. हिच्या लक्षात आलं हे ऐकून बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

आज एक गाडी तपासायला बाहेर काढत होतो. उलटी घेताना मागून एक बाई स्कूटरवरून आली. म्हणते, मी हॉर्न देत होते. लोक गोळा झाले आणि तेही म्हणाले की देत होती. सगळं गाव एकाच दिवशी एकच खोटं बोलेल असं वाटत नाही. बाईला काही झालं नाही, पण मी गाडी तशीच आत घेतली आणि इंजिन बंद केलं.

बाकावर बसून विचार केला. कदाचित सगळा दोष जगाचा नसेल. एखाद्या कानाला दाखवून घ्यायला हरकत नाही. म्हणजे कानाच्या माणसाला.

पण गुपचूप. इंजिन ऐकून सांगणारा मेकॅनिक कान दाखवायला गेला असं गावात झालं, तर उद्यापासून गॅरेजच्या दारात गाड्यांऐवजी कुत्री झोपतील. म्हणून औषधाच्या दुकानात गेलो, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्या वाचत उभा राहिलो आणि विचारलं, “कानाचं बघणारं कुणी आहे का हो गावात?”

“कुणाला बघायचंय?” औषधवाल्याने विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “हिला.”

१२ फेब्रुवारी

औषधवाल्याने चष्मेवाल्याचं नाव सुचवलं. चष्म्यांच्या शेजारी तो कानाची यंत्रंही विकतो. त्याने तपासणी केली, म्हणजे माझ्या डोक्यामागे दारावरची घंटा वाजवली. मी म्हटलं, “माझी नको, हिची करायचीय.” तो म्हणाला, “तुम्हाला ऐकू येतं ना? मग यंत्र चालू आहे की नाही हे तुम्हाला घरी कळेल.” हे मला तेव्हा पटलं, याचं आता नवल वाटतं. भिंतीवर फ्रेममध्ये त्याचं प्रमाणपत्र होतं. जवळ जाऊन वाचलं, तर ते काचा घासण्याचं होतं.

तरीही यंत्र घेतलं. ‘ही’ वापरून बघेल म्हणून घेतलं. सकाळी गॅरेज उघडायच्या आधी कानात घातलं. आधी शिट्टी वाजली. मग कुठेतरी वादळ सुरू झालं, ते माझ्याच शर्टाची बाही होती. मग मी कॉम्प्रेसर चालू केला. त्यानंतर काय झालं ते नीट आठवत नाही, पण शुद्धीवर आलो तेव्हा मी बाकाच्या दुसऱ्या बाजूला होतो आणि यंत्र जळक्या ऑइलच्या ट्रेमध्ये बुडालं होतं. मी ते बाहेर काढलं नाही.

१५ फेब्रुवारी

औषधवाला औषधाखेरीज बाकी सगळं मोकळ्या हाताने वाटतो. गावभर झालं आहे की मेकॅनिकच्या बायकोला ऐकू येत नाही.

शेजारच्या शिक्षिका कुंपणावरून हिला “ब ऱ्या आ हा त का” असं ओरडून विचारत होत्या. त्यांना वर्गाची सवय आहे, त्यामुळे ते मलासुद्धा पहिल्या झटक्यात ऐकू आलं. भाजीवाल्याने हिला भाव पाटीवर लिहून दाखवला. बँकेतल्या मुलीने हात धरून रांगेत पुढे नेलं.

संध्याकाळी ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. “मला ऐकू येत नाही असं कुणी सांगितलं हो गावाला?”

“लोकांना काय, उद्योग नाहीत,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता फुटलं भांडं. पण ही हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. किती दिवसांनी हसताना पाहिली! मीही हसलो. वाटलं, चला, थापेने का होईना, घरात काहीतरी चांगलं झालं.

मग डोळे पुसत उठली आणि माळ्यावरून मोठी बॅग काढून द्या म्हणाली.

“कशाला?”

“बहिणीकडे जायचंय. महिनाअखेर.”

“हे कधी ठरलं?”

“तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“हां हां, आहे लक्षात,” मी म्हटलं. लक्षात काही नाही. मोठी बॅग आम्ही शेवटची या घरात राहायला येताना वापरली होती. बहिणीकडे जायला एवढी कशाला लागते, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. उत्तर ऐकू आलं नसतं तर पुन्हा पंचाईत.

१६ फेब्रुवारी

बॅग पलंगाखाली आहे. हिवाळ्याचे कपडेही आत गेलेत. हिवाळा तर संपला.

१८ फेब्रुवारी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनाही हिच्यासाठीच विचारलं. एकदा थाप मारली की ती निभावावी लागते, इतका मी तत्त्वाचा माणूस आहे.

डॉक्टर चिडले. म्हणाले, “चष्मेवाल्याकडे काय कान दाखवता? उद्या न्हाव्याकडे दात दाखवाल. ऑडिऑलॉजिस्टला गाठा. कानांची रीतसर तपासणी करणारा माणूस, परवाना असलेला. परवान्याचा नंबर विचारा, लाजू नका.”

“आपल्या गावात कोण आहे?”

“होता एक. परदेशी गेला.”

मग दिवसभर शोधत फिरलो. बाजाराच्या टोकाला ‘श्रवण केंद्र’ अशी पाटी आहे असं कुणीतरी सांगितलं. गेलो. आत मोबाइलचे इअरफोन विकत होते. दुकानदाराला परवान्याचा नंबर विचारला, तर त्याला वाटलं मी कराच्या ऑफिसातून आलोय, त्याने खुर्ची पुसून दिली. दुसऱ्या एकाची खूप तारीफ ऐकली होती, तो रेडिओ दुरुस्त करायचा आणि आता रेडिओ कुणी आणत नाही म्हणून कान बघतो. त्याने माझ्या कानात बॅटरी मारली आणि म्हणाला, “आत वायरिंग ठीक दिसतंय.” हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं आहे की मला त्याचा अर्थ बरोबर कळला. त्याला काहीही दिसलं नव्हतं.

घरी आलो. ही फोनवर होती. मला पाहून दुसऱ्या खोलीत गेली. मला ऐकू जाऊ नये म्हणून जायची काय गरज होती, हा विचार मनात आला आणि मग एकदम वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी

एक बाई गाडी घेऊन आल्या. या गावच्या नव्हेत, पण आठवड्यातून एकदा कामाला इथे येतात. वाटेत गाडीतून घरघर ऐकू येते म्हणाल्या. मी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले, म्हटलं, “अल्टरनेटरचं बेअरिंग. ठेवून जा.”

बाई चमत्कारिक आहेत. मी स्क्रूड्रायव्हर कुठे टेकवतो ते वाकून वाकून बघत होत्या. मग इंजिन बंद झाल्यावर बोलायला लागल्या, पण तोंडावर हात धरून. दात खराब असावेत. वर माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि मी वळलो तर उत्तराची वाट बघत असल्यासारख्या. मी म्हटलं, “हो हो. उत्तम.” त्या हसल्या. दात तर चांगले होते.

जाताना त्यांनी कार्ड दिलं, गाडी झाली की फोन करा म्हणून. फोनचं काम हिचं असतं. फोनमध्ये तर लोक हद्दीबाहेर पुटपुटतात. म्हणून न वाचताच कार्ड हिला दिलं.

२३ फेब्रुवारी

गाडी झाली. हिने त्या बाईंना फोन केला. ‘गाडी तयार आहे’ हे सांगायला किती वेळ लागावा? पण ही खिडकीपाशी उभी राहून इतका वेळ बोलली की माझा चहा निवला. मधेच एकदा माझ्याकडे बघितलं, मग पाठ केली.

फोन ठेवून माझ्यासमोर आली. म्हणाली, “या बाई कानांच्या आहेत. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसतात. सगळं गाव म्हणतंय तर घेतेच एकदा कान तपासून. परवाची वेळ मिळालीय. तुम्ही सोबत या.”

मी दिवसभर गाव पालथं घातलं आणि बाई माझ्याच गॅरेजात तोंडावर हात धरून उभ्या होत्या! पण नशीब बघा, किती सोपं झालं. ही तपासून घेईल, मी शेजारी बसून कुठे काय वाजतं ते बघून ठेवीन, आणि पुढे कधीतरी एकटाच जाऊन येईन. गावाला पत्ता लागायचा नाही. हिलासुद्धा नाही. मी वाटतो तितका बावळट नाही.

फक्त एवढंच, की हिची बहिणीकडे जायची गाडी त्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे.

२५ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो.

खोली लहान, दातांच्या औषधाचा वास, कोपऱ्यात काचेची खिडकी असलेली एक केबिन. भिंतीवर परवाना होता. मी चॅसिस नंबर ताडून बघावा तसा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नंबर बघितला आणि मोबाइलवरच्या परवानाधारकांच्या यादीशी जुळवला. बाई म्हणाल्या, “बरं केलंत. कुणीच बघत नाही.” आज त्या तोंडावर हात धरत नव्हत्या.

आधी ही आत बसली. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होतो. ही सारखी दाबत होती, बिचारी, उगाचच दाबत होती, कारण बाहेर मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. बाई म्हणाल्या, “यांचे कान उत्तम आहेत. आता तुम्ही या.”

“मी सोबत आलोय.”

“सोबत आलेल्यांचेही बघते मी.”

हिच्याकडे बघितलं. ही पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

आत बसलो. बाईंनी दार लावलं. मी वाट बघितली. बाई मशीन चालू करायला विसरल्या असं वाटलं, पण काचेपलीकडे त्या बटणं फिरवत होत्या. तेव्हा नुसतं बसून राहणं बरं दिसेना, म्हणून मीही मधून मधून दाबायला लागलो. दार उघडलं. “आवाज नसताना दाबू नका,” बाई म्हणाल्या. वर्गात कॉपी करताना पकडल्यासारखं झालं. मग खरे आवाज यायला लागले, पण चांगले मोठे झाल्यावर.

मग त्यांनी हेडफोन काढला आणि एक छोटी डबी कानामागच्या हाडावर बसवली. आणि एकदम टीं. बारीक, स्वच्छ. पुन्हा टीं. मी दाबतोय, दाबतोय, एकही सोडत नाहीये. मी आतूनच ओरडलो, “अहो, हा तर माझा स्क्रूड्रायव्हर!”

बाहेर आलो तर कागदावर दोन रेषा होत्या. एक वर, सरळ. दुसरी खाली बसलेली, स्प्रिंग गेलेल्या गाडीसारखी. बाईंनी समजावलं. हाडातून जाणारा आवाज मला जवळपास पूर्ण पोचतो, हवेतून येणारा पोचत नाही. आतलं एखादं बारीक हाड जाम झालं असावं, नक्की काय ते कानाचे डॉक्टर सांगतील. म्हणून इंजिन ऐकू येतं आणि माणसं नाहीत. म्हणून स्वतःचा आवाज मला मोठा वाटतो आणि मी हळू बोलतो. म्हणून गॅरेजमध्ये चालतं, कारण तिथे सगळेच ओरडून बोलतात. माझे सगळे शोध त्यांनी एका दमात मोडीत काढले.

“जाम म्हणजे, ग्रीस मारता नाही येत?” मी विचारलं.

“ऑपरेशन करता येतं. नाहीतर यंत्र, नीट मापाचं. दोन्हीने बराच फरक पडेल.” मग म्हणाल्या, “तुमच्या गॅरेजात मी मागे उभी राहून तीनदा विचारलं की तुम्हाला ऐकायला त्रास होतो का. तुम्ही म्हणालात, उत्तम. मी फोनवर यांना सांगितलं, तर या म्हणाल्या, त्यांना त्यांच्या पायांनी येऊ द्या.”

मी हिच्याकडे बघायचं टाळलं. थाप गावाने पचवली होती, फक्त घरात पचली नव्हती.

तेवढ्यात ही पुढे सरकली. बाईंना म्हणाली, आणि माझ्याकडे तोंड ठेवून म्हणाली म्हणून मला कळलं, “मी घरात यांच्यासमोर बसून, मान खाली घालून हळू बोलले, तर यांना ऐकू जातं का?”

“नाही.”

“अजिबात?”

“कुणीतरी बोलतंय एवढं कळेल. शब्द नाही कळणार. शक्यच नाही.”

ही तिथेच रडायला लागली. मला वाटलं माझ्या कानांसाठी रडतेय. मी म्हटलं, “अगं, बाई म्हणतात ना, ऑपरेशन होतं. एवढं काय त्यात!” तर ती आणखीच रडली. बाईंनी पाण्याचा ग्लास दिला आणि दातांच्या डॉक्टरांशी काहीतरी बोलायला बाहेर गेल्या.

घरी आलो. मोठी बॅग भिंतीशी उभी. मला काय करावं सुचेना, म्हणून मी गॅरेजातून स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो. टोकाला धुतलेलं फडकं गुंडाळलं. म्हटलं, “हनुवटीच्या हाडाला टेकव आणि बोल.”

“वेड लागलंय का?”

“टेकव तर.”

टेकवलं. मी मूठ कानामागे धरली. डोळे मिटले. आज गिऱ्हाईक कुणी नव्हतं, आपोआप मिटले.

ही बोलली. हिचा आवाज, पूर्वीचा, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली येणारा. हा आवाज माझ्यापर्यंत पोचेनासा झालाय हेही मला कळलं नव्हतं, कारण मला वाटायचं जेवढा येतोय तेवढाच उरलाय. पहिल्यांदा काय बोलली ते मी ऐकलंच नाही, नुसता आवाज ऐकला. म्हटलं, पुन्हा.

“त्या दिवशी चहा पिताना मी विचारलं होतं,” ही म्हणाली. “बहिणीकडे कायमची राहायला गेले तर तुम्हाला चालेल का. तुम्ही म्हणालात, हो हो, उत्तम.”

माझ्या हातातली मूठ घसरली. परत लावली.

“तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कळत होतं. पण हे ऐकू आलं नव्हतं, की ऐकूनच म्हणालात, तेवढं कळत नव्हतं. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. म्हणून आले मी आज तिथे. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.”

मला डायरीतसुद्धा हे लिहिताना लाज वाटतेय. मी सगळं गाव बाईंना शोधत फिरलो आणि ही माझ्याशेजारी बॅग भरत बसली होती. म्हटलं, “आता विचार पुन्हा.”

“कशाला?”

“विचार.”

तिने विचारलं. मी “नाही” म्हणालो. हळू बोलतो असं बाई म्हणाल्या होत्या, म्हणून जोर लावून म्हणालो. तो इतका लागला की कुंपणापलीकडून शिक्षिका धावत आल्या, “का य झा लं” म्हणून ओरडत. हिने त्यांना दारातूनच सांगितलं, “काही नाही, यांना ऐकू येत नाही.” उद्यापर्यंत गावभर होईल. होऊ दे. गाड्या कमी आल्या तर कमी आल्या.

मोठी बॅग मी माळ्यावर टाकली. हिने छोटी काढली. बहिणीचं दुकान भरलंय, तिला हात हवाय, जायला तर हवंच. मी कपडे मोजत नव्हतो, पण हिवाळ्याचं त्यात काही दिसलं नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळी ही निघाली. बॅग उचलून दारात उभी होती, काहीतरी म्हणाली. मी ‘हो हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलावरून स्क्रूड्रायव्हर घेतला. हिने बॅग खाली ठेवली, हसली, हनुवटी पुढे केली.

“चार दिवसांनी येते,” ती म्हणाली.

मला अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी ते आणखी एकदा म्हणायला लावलं.